शिवरात्रीचे कंद

हे लिहू का, म्हणून भावाला विचारलं. तो म्हणाला, लिही, पण नाव नको. नाव मी कोणाचंच देत नाहीये, माझं स्वतःचंही नाही. ज्याच्यासमोर खोटं बोलले तो मामाही आता राहिला नाही, त्यामुळे कोणाची भीडभाड उरलेली नाही. आमची आई कशाने गेली आणि जाताना आम्हा दोघांना कशात अडकवून गेली, तेवढंच सांगायचंय.

मी ठाण्यात कोलशेतला एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. लॅब म्हटलं की शेजारीपाजारी साखरेचे आणि कोलेस्टेरॉलचे रिपोर्ट घेऊन येतात, ताई जरा बघ ना गं, आणि मी वैतागते. आमच्याकडे गुणसूत्रं बघतात. ज्या बायांचा गर्भ टिकत नाही त्यांचं, मान न धरणाऱ्या बाळांचं रक्त आमच्याकडे येतं. ते आम्ही खाऊपिऊ घालून उबेत ठेवतो. पेशी वाढतात, एकीच्या दोन होतात. गुणसूत्रं नीट दिसतात ती पेशी दुभंगण्याच्या ऐन वेळी, म्हणून तिला तिथेच थांबवावं लागतं. त्यासाठी एक औषध आहे, कोल्चिसिन. वनस्पतीतून निघतं. पेशीच्या आत जे बारीक दोरे गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढून नेतात, ते दोरे हे औषध जुळूच देत नाही. पेशी सगळी तयारी करून उभी राहते आणि तशीच उभी राहते. थांबलेल्या पेशी जितक्या जास्त, तितकी स्लाइड चांगली. माझ्या स्लाइड चांगल्या येतात. हे मी स्वतःच सांगते, कारण आमच्या मॅडम तोंड उघडतात ते फक्त चुका काढायला.

घर कल्याणजवळ मोहन्याला. बाबा रेयॉन कंपनीत होते. कंपनी बंद पडली, मग बाबा गेले, राहिलं ते बैठं घर आणि मागची वाडी. वाडी म्हणजे काय, चार खाटा मावतील एवढी जागा. पण आईने तिथे अख्खं रत्नागिरी उतरवलेलं. अळू, हळद, तेरडा, कुंपणाच्या तारेवर करांद्याचा आणि कणगराचा वेल, दोन्ही उकडून खायचे कंद. कोपऱ्यात कळलावी. आमच्या गावाकडे तिच्या फुलांना गौरीचे हात म्हणतात. भाद्रपदात ती लाल-पिवळी फुलं आली की आई गौरीला लावायची आणि लगेच साबणाने हात धुवायची. आम्ही नुसता वेलाला हात लावला तरी आम्हालाही मोरीवर पिटाळायची.

कळलावीच्या कंदात तेच कोल्चिसिन असतं जे आमच्या लॅबच्या फ्रिजमध्ये कवटीचं चित्र लावून ठेवलेलं आहे. हे मी आईला नोकरीच्या पहिल्याच वर्षी सांगितलेलं. ती म्हणाली, मग बाटली कशाला विकत घेता, माझ्याकडून न्यायची की. तिला त्या विषाचं माझ्याहून जास्त माहीत होतं. तिच्या गावात अडलेल्या बाळंतिणीच्या तळपायाला हा कंद उगाळून लावायचे आणि मूल बाहेर आलं की क्षणभरही न थांबता पुसून काढायचे. तिच्या आजीने तिला ते लहानपणीच दाखवलेलं. हातात कंद घेतला की ती न बघता सांगायची, हा करांदा, हे कणगर, हा रानातला, हा खाऊ नको. कळलावीचा दोन फाट्यांचा कंद दरवर्षी जमिनीखाली जरासा पुढे सरकतो. आई म्हणायची, त्या बयेला पाय आहेत. वेल सुकला की ती कुठवर आलीय ते बघून आई तिथे फुटकी कौलं रोवून ठेवायची. त्या वर्षी मात्र गुडघ्यांनी दगा दिला आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन होळीनंतर करू म्हणून ठरलेलं. कौलं रोवायचं राहिलं, आणि ते राहिलंय हे आमच्या दोघांच्या खिजगणतीतही नव्हतं.

भाऊ माझ्याहून बराच लहान. डोंबिवलीला एमआयडीसीत पॅकिंगला जातो. स्वभावाने इतका मऊ की मला त्याचा राग येतो. मी एक शब्द बोलले की तो जेवायचा बंद. बाबा गेले तेव्हा त्याने कॉलेज सोडलं आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, कित्येक महिने. आम्हाला वाटलं, हा पण हातचा गेला. आईने त्याला घास भरवून, आंघोळ घालून, अक्षरशः तान्ह्या पोरासारखं परत उभं केलं. हे सांगते, कारण पुढे जे झालं ते यामुळेच झालं.

महाशिवरात्रीला भावाला सुट्टी होती, मला नव्हती. उबेत ठेवलेल्या पेशींना सणवार कळत नाही, त्यांची वेळ झाली की झाली. मी सकाळी कोलशेतला गेले. आमच्याकडे शिवरात्रीला उकडलेले कंद लागतात, त्याशिवाय आईचा उपास उपास नाही. ती खाली बसून खणू शकत नव्हती, तसं बोलूनही दाखवत नव्हती. भावाने ते ओळखलं. आई देवळात गेलेली असताना त्याने कुदळ घेतली, तारेखालची जमीन खणली, कंद धुतले, सोलले, तुकडे केले, टोपलीतले करांदे त्यात घातले आणि सगळं एकत्र राख घालून उकडलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने स्वयंपाकघरात काही केलं असेल. देवळातून आलेल्या आईसमोर ताट ठेवलं, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे.

करांदे कडूच असतात. राखेत उकडून, पाणी बदलून तो कडूपणा काढावा लागतो आणि गोड कणगरं कधी त्यांच्यासोबत एका भांड्यात टाकत नाहीत. आईने पहिला घास खाल्ला आणि हसली. म्हणाली, एकत्र उकडलंस होय रे, म्हणून सगळं कडू झालं. पण उपासाचं ताट टाकायचं नाही आणि पोराने पहिल्यांदा केलंय. तिने गुळासोबत खाल्लं. भावाच्या ताटातला एक तुकडा त्याला फारच कडू लागला, तर तोही उचलून स्वतःच्या ताटात घेतला आणि त्याला म्हणाली, तू भगर खा. एवढंच झालं. यात कोणाचं काय चुकलं ते मला अजून धडपणे सांगता येत नाही.

मी संध्याकाळी घरी आले तेव्हा आई मोरीपाशी बसलेली होती. उलट्या थांबत नव्हत्या. भावाचंही पोट बिघडलेलं, पण त्याचं दोनदा जाऊन आल्यावर थांबलं. नाक्यावरच्या डॉक्टरांनी सांगितलं की उपासाचं बाधलंय, आज असे पाच-सहा पेशंट आलेत, भगर जुनी असेल. मीही तेच मानलं. सकाळपर्यंत तिचे डोळे खोल गेले, मग तिला कल्याणच्या हॉस्पिटलमध्ये नेलं. सलाइन लागलं, उलट्या कमी झाल्या, ती चहा मागायला लागली. मला वाटलं, सुटलो. मी तर दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस कामालाही जाऊन आले.

आणि मग तिचे रिपोर्ट पडायला लागले. पांढऱ्या पेशी कमी, प्लेटलेट कमी, किडनीचं बिघडतंय, लिव्हरचं बिघडतंय. डॉक्टर तरुण बाई होती, झोप न मिळालेली, पण कामाला चोख. तिने डेंग्यू बघितला, लेप्टो बघितला, काहीच निघेना. ती मला म्हणाली की हे नुसत्या पोटाच्या इन्फेक्शनसारखं वागत नाहीये, सगळीकडच्या वाढणाऱ्या पेशी एकदम थांबल्यासारखं दिसतंय. ते वाक्य माझ्या कानातून आत गेलं, पण डोक्यात उतरलं नाही. माणूस स्वतःच्या आईसमोर टेक्निशियन नसतो.

त्याच दुपारी भाऊ डबा घेऊन आला. कॅन्टीनच्या बाकावर बसून त्याला काहीतरी बोलायचं म्हणून तो सांगायला लागला की या वर्षी कणगरं विचित्र आलेली, एक-दोन तर मधूनच वाकलेली, दोन बोटं फाकवल्यासारखी. त्याने बोटं फाकवून दाखवली. मी हातातला घास डब्यात परत ठेवला. मी त्याला विचारलं, कुठे खणलंस. तो म्हणाला, तारेच्या शेवटाला, कोपऱ्यात, तिथली माती भुसभुशीत होती.

मी रिक्षा करून मोहन्याला गेले. रस्ताभर मी देवाला शिव्या देत होते, आणि मला देवाचं काही फार नाही तरी देत होते. वाडीत त्याने उकरलेला खड्डा तसाच होता. मी चप्पल काढून गुडघ्यांवर बसले आणि हाताने माती उपसली. एक तुकडा सापडला, गुळगुळीत, फिकट, दोन फाट्यांचा. कणगराला बारीक मुळ्या असतात, केसाळ असतं ते. हे तसं नव्हतं. मी तिथेच मातीत बसून राहिले. मग तुकडा पिशवीत घातला आणि तीच रिक्षा उभी होती, तिच्यातून परत गेले.

डॉक्टरने पिशवी बघितली, मी काय काम करते ते ऐकलं आणि एकही शंका न काढता फोन उचलला. मोठ्या डॉक्टरांशी बोलली, विषबाधेची माहिती देणाऱ्या केंद्राशी बोलली. परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं. ती म्हणाली, याला उतारा नाही. शरीर तोवर तगवून धरायचं, औषध आपोआप ओसरलं तर पेशी परत कामाला लागतील. मला हे सगळं ठाऊक होतं. तरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकेपर्यंत मी कुठेतरी धरून होते की मी चुकत असेन.

विषबाधा म्हटलं की पोलीस केस होते. हवालदार जबाब घ्यायला आला. आई शुद्धीवर होती, आवाज बारीक झालेला पण स्पष्ट. कळलावी हा शब्द मी तिच्यासमोर आधीच उच्चारलेला आणि ती सगळं समजलेली. ती माझ्याकडे बघत नव्हती. भाऊ पायथ्याशी पाण्याची बाटली धरून उभा होता, त्याच्याकडे बघत होती. हवालदाराने विचारलं, खायला कोणी दिलं, मावशी. भावाने तोंड उघडलं. आईने त्याला सांगितलं, खाली जाऊन माझ्यासाठी शहाळं आण. तिचं ऐकायची त्याला जन्माची सवय, तो गेला. मग ती हवालदाराला म्हणाली, "मीच खणले, मीच शिजवले. दिसत नाही मला नीट. पोराला यातलं काही कळत नाही."

हवालदाराने लिहून घेतलं. तिला जमिनीवर बसता येत नाही हे त्याला कुठे माहीत. तिचा अंगठा घेताना मी तिथेच उभी होते.

तो गेल्यावर मी तिच्यावर भडकले. हॉस्पिटल आहे, आई मरणाच्या दारात आहे, तरी भडकले, कारण मला दुसरं काही येत नाही. मी म्हटलं की कोणी जाणूनबुजून केलेलं नाही, पोलीस काय त्याला खाणार आहेत का, खरं सांगून टाकायचं. तिने माझा हात धरला. तिच्या हाताला ताप होता.

"पोलिसांचं नाही गं," ती म्हणाली. "त्याचंच त्याला सोसणार नाही. बाबांच्या वेळी काय झालेलं आठवतंय ना. आता मी नसेन त्याला उठवायला."

मी म्हटलं, त्याला स्वतःला माहितीये कोणी खणलं ते.

"माहीत असू दे. पण कोणी बोट दाखवायचं नाही. चारचौघांत एकदा बोललं गेलं की ते आयुष्यभर त्याच्या मागे लागणार, लग्नात, कार्यात, भांडणात. तू पण नाही. रागात सुद्धा नाही. मामा विचारेल, त्याला पण मीच खणले म्हणून सांग."

"आणि लोक म्हणतील, एवढी जाणती बाई आणि घरची कळलावी खाल्ली."

"म्हणू देत," ती म्हणाली. "माझं काय जातंय."

तिचं काय जात होतं ते मला दिसत होतं. गावात आणि आमच्या आळीत तिला एकाच गोष्टीचा मान होता, की हिला झाडपाल्यातलं कळतं. रेयॉनच्या वेळेपासूनच्या बाया पोरांच्या पोटदुखीला तिच्याकडे यायच्या. मी शब्द दिला नाही, फक्त हात सोडवून घेतला नाही. तिने तेवढ्यावर भागवलं.

त्यानंतरचे दिवस मी डॉक्टरच्या मागे हात धुऊन लागले. माझं एकच पालुपद, धुऊन काढा. लॅबमध्ये मी स्वतः बघितलंय की औषध दिलेल्या पेशी ताज्या द्रावणात धुतल्या तर काही वेळाने परत चालू होतात. माणसाचं रक्त धुवायचं मशीन तुमच्याकडे आहे, मग लावा ना. ती शांतपणे सांगायची की किडनीसाठी ते मशीन लावूच, पण त्याने हे विष निघत नाही, ते रक्तात थोडंच राहतं, ते पेशींच्या आत जाऊन बसतं. मी वाद घालायचे. पुस्तकातलं बोलायचे. एकदा मी तिच्यावर ओरडले की तुमच्याच आईला झालं असतं तर. ती म्हणाली, तरी हेच केलं असतं. मग तिने मला नर्सच्या खोलीत बसवून पाणी दिलं, आणि त्या पाण्याने मला जास्तच संताप आला.

मग त्यांनी हाडातला मगज, म्हणजे बोन मॅरो, काढून तपासला, नवं रक्त बनतंय का बघायला. हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजिस्टना कळलेलं की मी याच कामातली आहे. त्यांनी विचारलं, बघायचंय का. नको म्हणायला हवं होतं. मी मायक्रोस्कोपला डोळा लावला.

थांबलेल्या पेशी. एकेका दृश्यात किती तरी, इतक्या एकत्र मगजात कधी दिसत नाहीत. गुणसूत्रं आवळून, गोळा होऊन, तयार. दुभंगायला निघालेल्या आणि निघता निघता उभ्या राहिलेल्या. इतकी वर्षं मी हेच दिसावं म्हणून काम करत आले, अशी स्लाइड आली की लॅबमधल्या नव्या पोरींना बोलावून दाखवत आले, बघा, अशी यायला हवी. ती माझ्या आईची होती. तिच्या अंगात कुठेही काही नवीन बनत नव्हतं, रक्त नाही, आतड्याचं अस्तर नाही, काही नाही, आणि मला ते कोणाहीपेक्षा चांगलं वाचता येत होतं. मी पॅथॉलॉजिस्टना थँक्यू म्हटलं. बाहेर येऊन जिन्यात बसले.

भाऊ वरच्या पायरीवर येऊन बसला. त्याने विचारलं, काय दिसलं. मी म्हटलं, जरा बरं दिसतंय. त्याने मान हलवली. त्याला माझं खोटं कळतं, मला त्याचं. तो म्हणाला, "ताई, मी सांगतो त्यांना जाऊन, मी खणले म्हणून." मी म्हटलं, गप बस. इतका राग आलेला मला त्याचा, की त्याच क्षणी कोणी विचारलं असतं तर मी बोट दाखवलंच असतं. कोणी विचारलं नाही म्हणून वाचला.

आईचे केस जायला लागले. फणी लावली की पुंजकेच्या पुंजके. तिचा अंबाडा मोठा होता, म्हातारपणीसुद्धा मुठीत मावायचा नाही. मी फणी फिरवणं बंद केलं, तर तिने हाताने चाचपून बघितलं आणि म्हणाली, असू दे, परत येतात ना. मी म्हटलं, हो, हे येतात, हे नक्की येतात. हे एक तिला मी खरं सांगितलं.

मग एका सकाळी आकडा वर गेला. पांढऱ्या पेशी वाढल्या. अगदी किंचित, पण वर. डॉक्टर स्वतः बाहेर आली मला सांगायला. म्हणाली, मॅरो चालू झाला, विष ओसरतंय. मी तिच्या गळ्यात पडले, जिच्यावर इतके दिवस ओरडत होते तिच्या. भावाला फोन केला, तो कंपनीतून तसाच निघाला. पण आईला आदल्या दिवसापासून ताप होता. अंगात लढायला कोणी नसताना जे आत शिरायचं ते शिरून बसलेलं होतं. दुपारपर्यंत तिला श्वास घेता येईना, नळी घातली. मी तिच्या कानाशी जाऊन सांगितलं, आई, चालू झाल्या, परत चालू झाल्या पेशी. तिला ऐकू आलं की नाही देव जाणे. दुसऱ्या दिवशी ती गेली. पेशी त्या दिवशीही वाढलेल्याच होत्या. रिपोर्ट ती गेल्यावर आला.

पोलीस केस म्हणून पोस्टमॉर्टेम झालं. मग घरी आणलं. भावाने अग्नी दिला, डोकं भादरलं. मग तो त्याच पलंगावर, त्याच भिंतीकडे तोंड करून पडायला लागला. मी समोर ताट ठेवायचे, तो दोन घास खायचा, ते पण मी तिथेच बसून राहिले तर.

बाराव्याला गावाहून मामा आला. आईचा मोठा भाऊ. त्याला लवकर निघता आलं नव्हतं, म्हणून बहिणीचं तोंडही दिसलं नाही. खोलीत आळीतल्या बाया, बाबांचे कंपनीतले दोघेतिघे, लांबचे नातलग, सगळे बसलेले. एकजण हळहळत होती की बिचारीला दिसत नव्हतं तर कशाला खणायला गेली. दुसरी म्हणाली, म्हातारपणी माणूस ऐकत नाही. मामा सगळं ऐकत बसलेला. मग तो बोलला.

"आम्ही दोघं लहानपणापासून डोंगरात कंद खणायचो," तो म्हणाला. "मी तिचे डोळे बांधायचो आणि हातात कंद द्यायचो. एकदा पण चुकली नाय. डोळे गेले म्हणून काय हात गेले? माझी बहीण यात चुकायची नाय. कोणी खणले, सांगा मला."

भाऊ भिंतीशी चटईवर बसलेला होता. त्याने मान वर केली. ओठ हलले त्याचे. तो सांगणार होता, माझी खात्री आहे. आणि मला आतून वाटत होतं, सांग, एकदाचं सांग, म्हणजे आईचं तरी नाव राहील. मग मी त्याचे डोळे बघितले.

"तिनेच खणले," मी म्हटलं.

मामा माझ्याकडे वळला. "तू बघितलंस?"

"बघितलं."

"आणि तिला हाताला कळलं नाही?"

त्याचा विश्वास बसत नव्हता. तो अजून विचारणार होता, आणि एक प्रश्न जरी जास्त विचारला असता तरी भाऊ फुटला असता. मग मी म्हटलं, "नाही कळलं, मामा. हल्ली तिला काहीच कळत नव्हतं. डोकं चालेनासं झालेलं. मिठाच्या जागी साखर घालायची. आम्ही कोणाला सांगितलं नाही, एवढंच."

मामाने टोपी काढून तोंडावर धरली. टोपीतूनच तो म्हणाला की बहिणीची अशी दशा झालेली आणि मला कोणी कळवलं पण नाय. आळीतल्या बाया मान हलवायला लागल्या, एकीला तर लगेच आठवलंही की हो, मागच्या महिन्यात रस्त्यात भेटली तेव्हा जरा भ्रमिष्टासारखीच वाटली.

भाऊ चटईवरून सरकत माझ्याजवळ आला आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागला. ती गेल्यापासून पहिल्यांदाच, मोठ्याने, पोरासारखा. बाया म्हणाल्या, रडू दे, मोकळा होऊ दे. मी त्याच्या भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. मला रडू आलं नाही. भर खोलीत, तिच्या भावासमोर, मी माझ्या आईला वेडी ठरवलं होतं.